सयुक्तिक कारण, तर्कशुद्ध मांडणी

घोडबंदर रोडवर राहणाऱ्या एका ताईंनी सोसायटीच्या नोटिशीचा फोटो पाठवलाय. ‘मेंटेनन्स थकल्याचे सयुक्तिक कारण लेखी द्यावे.’ त्यांचा प्रश्न असा, की इथे ‘तर्कशुद्ध कारण’ म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार, ताई. तर्कशुद्ध असते ती मांडणी, म्हणजे कारणापासून निष्कर्षापर्यंतची वाट. कारण स्वतः सयुक्तिक असतं. ‘युक्ती’ हा शब्द ‘युज्’ म्हणजे जोडणे या धातूपासून आला. बोलताना आपण तो शक्कल या अर्थी वापरतो. ‘युक्तिवाद’ आणि ‘सयुक्तिक’मध्ये मात्र जोड, मेळ हा अर्थ टिकून आहे. म्हणणं आणि त्याचा आधार यांचा सांधा जुळला, की ते सयुक्तिक.

फरक कळायला न्यायशास्त्रातलं, म्हणजे आपल्या जुन्या भारतीय तर्कशास्त्रातलं, धुराचं उदाहरण फार चांगलं आहे, आणि ठाणेकरांना ते डोळ्यांनी पाहता येतं. जुलैत उपवन तळ्याकाठी उभं राहून कुणी म्हणालं, ‘येऊरच्या डोंगरावर आग आहे, कारण तिथे धूर आहे, जिथे धूर तिथे आग, जशी चुलीत.’ प्रतिज्ञा (जे सिद्ध करायचं ते), हेतू (त्याचं कारण), उदाहरण, सगळं जागच्या जागी. मांडणी तर्कशुद्धच आहे! पण डोंगरावर धूर नाही, उतरलेला ढग आहे. हेतूच सिद्ध नाही. नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचे पंडित, याला ‘असिद्ध’ हेत्वाभास (कारणाचा नुसता आभास) म्हणतात. मांडणी बिनचूक असूनही पायाच नाही, म्हणून हा युक्तिवाद साधार, म्हणजेच सयुक्तिक, म्हणता येत नाही. वादात आपण मांडणीवरच भांडत बसतो आणि धूर खरंच आहे का, हे विचारायचं राहून जातं, याचं मला वाईट वाटतं.

नुसता ‘तर्क’ तर याहून कच्चा. ‘माझा आपला एक तर्क’ म्हणतो तेव्हा आपण अंदाजच सांगत असतो. त्यात शब्दाची हानी झालेली नाही; न्यायशास्त्राच्या मूळ ग्रंथात, न्यायसूत्रांतही तर्क म्हणजे ऊह, अटकळ. तो प्रमाणाला, म्हणजे खात्रीच्या ज्ञानाच्या साधनाला, मदत करतो, स्वतः प्रमाण नसतो. त्यामुळे ‘तर्काने सिद्ध केलं’ असं लिहिताना जरा थांबावं.

आणि हो, नोटिशीत खालच्या ओळीत हाच शब्द ‘संयुक्तिक’ असा छापलाय. तो अनुस्वार काढायला सांगा. सपत्नीक, सविस्तर, सकारण यांतला ‘सह’ या अर्थाचा ‘स’च इथेही आहे; ‘संयुक्त’शी त्याची गल्लत झालीय.