पाच जिल्ह्यांवरून एका तालुक्यावर

‘विषय आवरता घेतला, तर प्रबंध हलका ठरेल का?’ ही भीती मनात घेऊन संशोधक विद्यार्थी माझ्याकडे वारंवार येतात. गेल्या वर्षी आलेल्या एका विद्यार्थिनीची हीच चिंता होती. ‘१९७२चा दुष्काळ आणि मराठवाड्यातील ग्रामीण स्त्रीजीवन’ हा तिचा विषय. पीएच.डी.चे तिसरे वर्ष सरत आले होते आणि हाती अकरा मुलाखतींपलीकडे फारसे काही नव्हते. तिने टेबलावर पसरलेल्या नकाशात आजचे ८ जिल्हे रंगवलेले होते. जालना, लातूर आणि हिंगोली हे जिल्हे पुढे निर्माण झाले, १९७२ साली मराठवाड्यात ५च जिल्हे होते, हे मी दाखवले, तेव्हा जुनी कागदपत्रे आजच्या हद्दींशी का जुळत नाहीत, हे तिच्या ध्यानात आले.

मी तिला मुलाखतींच्या वह्या वाचायला सांगितल्या. त्यांत लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी होती, दुष्काळी कामांवर वाटला जाणारा सुकडी हा पूरक आहार होता. पण अकरापैकी नऊ बायका बोलता बोलता आपणहून पाझर तलावाच्या (पाणी जमिनीत मुरवण्यासाठी बांधलेल्या तलावाच्या) कामावरच्या मजुरीच्या विषयाकडे वळल्या होत्या. एकीने सांगितले होते, “मुकादम हजेरीला नाव माझ्या नवऱ्याचंच घ्यायचा.” विद्यार्थिनीचा खरा प्रश्न या वाक्यात होता, आणि या नऊही बायका बीड जिल्ह्यातल्या एकाच तालुक्यातल्या होत्या.

माझे मत असे की, विषय लहान करताना प्रश्नाला हात लावू नये. कमी करायचे ते स्थळ, काळ आणि माणसे. दुष्काळी कामांवर स्त्रीच्या श्रमाची नोंद कोणाच्या नावे झाली, हा प्रश्न एका तालुक्यातही तेवढाच मोठा राहतो, उलट तिथे हजेरीपट आणि आठवणी समोरासमोर ठेवून पडताळता येतात. शिवाय त्या वेळी विशीत असलेली बाई आज सत्तरी ओलांडून गेली आहे. पाच जिल्हे फिरण्यात वर्षे घालवणे म्हणजे त्या साक्षी गमावणे होय.

“पण सर, तीन वर्षं फुकट गेली ना?” तिचे डोळे भरून आले होते. ती वर्षे फुकट गेली नव्हती. त्या काळात केलेल्या वाचनातूनच प्रस्तावनेचे प्रकरण उभे राहणार होते. बदललेले शीर्षक मार्गदर्शकांशी बोलून संशोधन सल्लागार समितीपुढे लेखी ठेवावे आणि विद्यापीठाची मान्यता हाती येईपर्यंत मुलाखती थांबवू नयेत, असे मी सुचवले.

दोन महिन्यांनी तिने नवा नकाशा आणला. त्यात एकच तालुका होता, आणि प्रत्येक पाझर तलावाशेजारी तिथे राबलेल्या बायकांची नावे पेन्सिलीने लिहिलेली होती.