उभा अक्ष शून्यापासूनच सुरू करावा

आलेख काढायला बसण्यापूर्वी तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर देणार आहे, हे एका वाक्यात लिहून पाहावे; माझ्या अनुभवात आलेखाचा प्रकार त्या वाक्यातूनच ठरतो. जिल्ह्यांची तुलना करायची असेल तर स्तंभालेख, महिन्यागणिक तापमान कसे बदलले हे दाखवायचे असेल तर रेषालेख आणि एका पूर्णाचे भाग दाखवायचे असतील तर वृत्तालेख घ्यावा. वृत्तालेखात एक टक्का म्हणजे ३.६ अंश, त्यामुळे भाग पाच-सहांहून अधिक झाले की कोनांतील फरक डोळ्यांना उमगत नाही आणि तेथेही मी स्तंभच पसंत करतो.

स्तंभालेखात उभा अक्ष शून्यापासून सुरू करण्याबाबत मात्र तडजोड करू नये. जनगणनेनुसार महाराष्ट्राचा साक्षरता दर २००१ मध्ये सुमारे ७६.९ टक्के आणि २०११ मध्ये सुमारे ८२.३ टक्के होता. हाच अक्ष ७५ पासून सुरू केला, तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या जवळजवळ चौपट उंच दिसतो आणि आकडे अचूक असूनही वाचकाची फसवणूक होते. रेषालेखाला हे बंधन नाही, कारण तेथे नजर उंचीपेक्षा चढउतार पाहते. प्रमाण, एकक आणि माहितीचा स्रोत आलेखावरच लिहावा.