बी.कॉम. झालंय, आता चाळिशीत सायकॉलॉजी शिकू का?

"ताई, कॉलेज सोडून वीस वर्षं झाली. आता इथल्या कम्युनिटी कॉलेजात सायकॉलॉजी घेतली तर लोक हसतील का?" कॅलिफोर्नियातल्या बे एरियात राहणाऱ्या मराठी बायका मला हे नेहमी विचारतात. मी इथल्या अशाच एका, म्हणजे दोन वर्षांची पदवी देणाऱ्या सरकारी कॉलेजात शैक्षणिक समुपदेशक आहे. त्यांच्यातल्या एकीची गोष्ट तिच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते.

कोल्हापूरहून बी.कॉम. केलेली, मुलं शाळेत, ग्रीन कार्ड येऊन वर्ष-दीड वर्ष झालेलं. इथल्या मराठी मंडळातल्या बायका सासूपासून घटस्फोटापर्यंत सगळं तिच्याजवळ मोकळेपणाने बोलायच्या. त्यातूनच हे नीट शिकावं असं तिच्या मनाने घेतलं. नवऱ्याचं म्हणणं, "कुठेच ॲडमिशन मिळत नाही ते तिथे जातात." हे मी दर वेळी खोडून काढते. राज्यात अशी 116 सरकारी कॉलेजं आहेत. प्रवेशासाठी चाळणी नाही हे खरं, पण वर्गात गेल्यावर अभ्यास करावाच लागतो. बर्कलेच्या नामांकित विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला दाखल होणारी कितीतरी मुलं या कॉलेजांतूनच गेलेली असतात. विषय किती मोठा ते इथे युनिटांत मोजतात; राज्याच्या रहिवाशाला एका युनिटला 46 डॉलर फी, म्हणजे तीन युनिटांचा विषय 138 डॉलरला. पुस्तकं आणि किरकोळ शुल्क वेगळं.

लोक हसण्यापेक्षा मोठी अडचण दुसरीच होती. दोन वर्षांची पदवी घेतली की समुपदेशन सुरू करता येईल, असं ती धरून चालली होती. कॅलिफोर्नियात कौटुंबिक थेरपिस्टचं लायसन्स हवं असेल तर मास्टर्स लागतं, देखरेखीखाली 3,000 तास काम करावं लागतं आणि मग परीक्षा. स्वतःला सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायचं तर डॉक्टरेट. हे सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे पन्नाशी उजाडेल." मी म्हटलं, "हो, जवळपास." हा हिशेब पहिल्याच भेटीत मांडायला हवा, असं माझं ठाम मत आहे. अर्ध्या वाटेवर कळलं तर माणूस खचतो.

मग आम्ही तिच्या बी.कॉम.कडे वळलो. भारतातली तीन वर्षांची पदवी काही विद्यापीठं पूर्ण पदवी म्हणून मानतात, काही मानत नाहीत. म्हणून आधी गुणपत्रिकांचं मूल्यांकन करून घ्यायला सांगितलं आणि तो अहवाल जोडून मास्टर्स देणाऱ्या विभागांना थेट ईमेल पाठवायला लावले. एकाने नकार दिला. दुसऱ्याने कळवलं, की पदवी चालेल, मात्र सामान्य मानसशास्त्र, संख्याशास्त्र, विकासाचं मानसशास्त्र आणि मानसिक विकार हे चार विषय करून या. कम्युनिटी कॉलेजात नवी पदवी घ्यायची गरजच उरली नाही, चार विषय पुरणार होते. ही चौकशी न करताच बायका साठ युनिटांची पदवी पहिल्यापासून सुरू करतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं.

पहिल्या सत्रात मी तिला एकच विषय घ्यायला लावला. अठरा वर्षांच्या मुलांमध्ये बसण्याची जी धास्ती होती, ती आठवड्याभरात गेली. शेजारच्या बाकावर रात्रपाळी करून येणारी एक नर्स आणि सैन्यातून परतलेला एक जण होता. जड गेलं ते लेखन. आपल्याकडे पुस्तकातलं उत्तर जसंच्या तसं उतरवलं की गुण मिळायचे, इथे त्यालाच चोरी म्हणतात. तिचा पहिला निबंध याच कारणाने परत आला आणि ती माझ्यासमोर रडली. "मी कॉपी नाही केली हो, मी पाठ केलं होतं!" तिचं खरंच होतं. कॉलेजच्या लेखन केंद्रात मोफत शिकवणी मिळते, तिथे तिला पाठवलं. पुस्तक मिटायचं, समजलं तेवढं आधी मराठीत बोलायचं, मग इंग्रजीत लिहायचं आणि कल्पना कुणाची ते नोंदवायचं, अशी सवय तिने स्वतःच लावून घेतली. पुढचा निबंध परत आला नाही.

विकारांचा विषय शिकताना मंडळातल्या मैत्रिणींशी बोलण्याची तिची पद्धत बदलली. पूर्वी ती लगेच सल्ला द्यायची. आता ऐकून घेते, आणि जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा कानावर आली तर सरळ विचारते, तिच्याजवळ थांबते, 988 ला फोन लावायला मदत करते. संकटात असलेल्यांसाठी हा नंबर 2022 पासून देशभर चालू आहे. इथल्या प्रत्येक मराठी घरात तो माहीत असायला हवा, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

सध्या तिचं संख्याशास्त्र चालू आहे. बी.कॉम.ला शिकलेलं बरंच आठवतंय म्हणते. मास्टर्सच्या अर्जाचा निबंधही लिहायला घेतलाय. पहिल्या मसुद्यात निम्मा मजकूर "माझं इंग्रजी कच्चं आहे, वय झालंय" असाच होता. तो मी काढायला लावला. त्या जागी मंडळातल्या बायका घरच्या भाषेत बोलायला माणूस का शोधतात, हे ती आता लिहिते आहे.