अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजला (कमी फीच्या, बहुधा दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजला) फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, कायद्यांचा आणि पैशाचा खरंच फरक पडतो का?
पडतो, आणि तो विद्यार्थ्यांच्या खिशातून दिसतो. कॉलेज चालवायचा मुख्य पैसा राज्य, स्थानिक कर आणि फीमधून येतो, फेडरल पैसा बराचसा पेल ग्रँट (परत न करायची शिक्षण मदत) म्हणून गरीब घरच्या पोरांना मिळतो, २०२५-२६ ला जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर, आणि तिथली फी कमी असल्याने त्यातून पुस्तकं, बसभाडं पण निघू शकतं, म्हणून यात कपात झाली की नोकरी करून शिकणाऱ्यांचेच हाल होतात, ते फार वाईट वाटतं. २०२५ च्या नव्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून किमान ८ पण १५ पेक्षा कमी आठवड्यांच्या मान्यताप्राप्त जॉब ट्रेनिंग कोर्सलाही पेल लागू केलंय, हे मात्र मस्त झालं. एफ-१ (विद्यार्थी) किंवा एच-४ (एच-१बी वगैरे कामाच्या व्हिसावाल्यांचे जोडीदार, मुलं) व्हिसावर असाल तर पेल नाही मिळत, ग्रीन कार्ड असेल तर फाफ्सा (FAFSA, फेडरल शिक्षण मदतीचा अर्ज) फॉर्म नक्की भरा.