ट्रॅकसाठी पहिली एअरो चाकं: आधी पुढचं, आणि तेही फार खोल नको

तुमचा प्रश्न असा: मुलगी पंधरा वर्षांची, राहायला नाशिकला, सायकलिंगचा रोजचा सराव गंगापूर रोडला, महिन्यातून दोनदा पुण्याला बालेवाडीच्या ट्रॅकवर. मागे डिस्क (तारांऐवजी सलग तबकडी असलेलं चाक) आणि पुढे ८० मिमी खोल रिमचं कार्बन चाक असा एअरो, म्हणजे हवेचा विरोध कमी करणारा, जोड घ्यावा का?

आत्ता नको. पुढे ५० मिमीच्या आसपासचं चाक घ्या. डिस्क पुढच्या वर्षी.

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून ठामपणे सांगतो. दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममधला २५० मीटरचा लाकडी ट्रॅक छताखाली आहे, तिथे वारा लागत नाही. आपला बालेवाडीचा ट्रॅक उघडा आहे, सिमेंटचा. वळणातून बाहेर आलो की वाऱ्याची दिशा एकदम बदलते. तिथे माझं ८० चं पुढचं चाक अचानक बाजूला ओढलं गेलं आणि शेजारच्याला धक्का लागता लागता राहिला. खोल रिम बाजूच्या वाऱ्याला शिडासारखी सापडते. मागचं चाक फ्रेममध्ये घट्ट बसलेलं असतं, ते सहन करतं. पुढचं मात्र हँडलसकट वळतं. वजनाने हलक्या मुलीला हा झटका जास्त जाणवणार. घाबरून तिने हातांचा पवित्रा सोडला, तर चाकाने वाचवलेलं सगळं तिथेच गेलं.

कारण हवेचा विरोध मुख्यतः अंगाला होतो, साधारण तीन चतुर्थांश तरी. आणि वेग वाढवायला लागणारी ताकद घनाच्या पटीत वाढते: ताशी ४० चे ५० किलोमीटर करायचे तर जवळपास दुप्पट. तेव्हा डोकं खाली, कोपरं आत, हे आधी पक्कं होऊ द्या. मग चाकाचा फायदा दिसतो, आणि तो खरा असतो. चाकाचा वरचा भाग सायकलच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो, त्यामुळे तारा हवा घुसळत राहतात. पुढच्या चाकाला कोरी हवा भिडते, मागच्याला पाय आणि फ्रेमने आधीच ढवळलेली. म्हणून पहिला खर्च पुढच्या चाकावर.

दुकानात वजन सांगतील, ‘शंभर ग्रॅमने हलकं’ वगैरे. सपाटीवर एकदा वेग पकडला की त्याचं महत्त्व फार उरत नाही. थांबलेल्या सायकलवरून सुटताना थोडा फरक पडतो, तेवढाच. त्यापेक्षा रिमची बाहेरची रुंदी मोजा. २३ मिमीचा टायर लावणार असाल तर रिम २४ च्या पुढे हवी. टायर रिमबाहेर फुगला की बाहेरून वाहणारी हवा तिथेच रिमपासून अलग होते आणि खोल रिमचे पैसे वाया जातात. टायर ट्यूबवालाच घ्या. चिकटवायचे ट्यूब्युलर वेगवान असतात, पण सिमेंटवर पंक्चर झालं की ते काढून पुन्हा चिकटवण्यात दिवस जातो, आणि गोंद नीट बसला नाही तर वळणात टायर निघण्याचा धोका.

जुनं चाक बघत असाल तर एक सांगतो. नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ साली रेस अॅक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून आपल्याकडे लांब पल्ल्याची हौस खूप वाढलेली मी पाहिली आहे. पण त्या मंडळींची विकायला येणारी चाकं रोडची. ट्रॅकच्या फ्रेममध्ये मागचा हब (चाकाचा मधला भाग) १२० मिमीचा लागतो. रोडचा १३० किंवा १४२ चा. ‘बसेल हो’ म्हणून कुणी दिलं तरी घेऊ नका, फ्रेम ताणून बसवायचं तर अजिबात नाही. चाकाचा आउट (वाकडेपणा) काढून घ्या, आणि मागचं दातेरी चक्र धरून ठेवणारी लॉकरिंग उलट्या आट्याची असते हे मेकॅनिकला आधीच सांगा, नाहीतर तो सोडवण्याऐवजी आवळत बसेल.

आणि कितीही हौस वाटली तरी ट्रॅकची सायकल गंगापूर रोडवर काढू देऊ नका. तिला ब्रेक नसतो, फ्रीव्हीलही नसतं, म्हणजे चाक फिरतंय तोवर पायडल थांबवता येत नाही. तिथला सराव रोडच्या सायकलवरच होऊ द्या.