आदिवासी स्त्रीशक्तीवरच्या चित्रस्पर्धेत पहिल्यांदाच उतरतेयस ना? मग हे वाच

पहिलीच वेळ आहे म्हणून बिचकू नकोस. वारली शैली निवडलीस, छान केलंस, कारण ही कला मुळात बायकांचीच. लग्नघरी भिंतीवर देवचौक, म्हणजे लग्नविधीचं चौकोनी चित्र, लिहायचा मान सवाशिणींचा. १९७० नंतर वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्यामुळे ती कागदावर आली, जगभर गेली. पण चौकाचा हात बायकांचाच.

सुरुवातीला एवढंच सांभाळ:

- विषय एकच घे. नवखी मुलं तारपानृत्य, शेत, लग्न, शाळा, सगळं एकाच कागदावर कोंबतात. त्यापेक्षा भात लावणाऱ्या पाच बायका काढ. वाकलेली पाठ, हातातली रोपांची जुडी, डोक्यामागे अंबाड्याचा छोटा गोल. नजर तिथेच थांबते.
- हातात तराजू किंवा ढाल-तलवार घेतलेली बाई नको. ग्रामसभेत बोलायला उभी राहिलेली बाई काढ, ती जास्त बोलते.
- देवचौक आणि त्यातली पालघट देवी सजावटीसाठी उचलू नकोस. तो लग्नविधीचा भाग आहे.
- गेरूचा थर पूर्ण वाळू दे. घाई केलीस की पांढरा रंग लालसर होतो. माझी पहिली दोन चित्रं अशीच वाया गेली.

दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस होतो, ते आधी रद्दीवर शंभरदा काढ. पट्टी मात्र लावू नकोस. बांबूच्या काडीचं, तांदळाच्या पिठाचं नंतर बघू. सध्या बारीक ब्रश आणि पांढरा पोस्टर कलर पुरे.

पहिला कच्चा आराखडा झाला की दाखव.