तिसित्ल म्हणजे सुईणच का?

प्रश्न असा: मेक्सिकोतल्या नाहुआ लोकांवरच्या एका मराठी लेखात 'तिसित्ल' या शब्दापुढे 'सुईण' असं लिहिलंय, ते बरोबर का?

प्रसंग बाळंतपणाचा असेल तर चालेल. एरवी तोकडं पडतं. मोलिना या फ्रान्सिस्कन पाद्र्याच्या 1571च्या कोशात तिसित्ल म्हणजे वैद्य, शिवाय शकुन सांगणारा, कौल लावणारा. नुसतं बाळंतपण करणारीला 'तेमिशिवितियानी' हा वेगळा शब्द आहे. नाहुआत्ल भाषेत व्याकरणातलं लिंग नाही, त्यामुळे तिसित्ल बाईही असेल, पुरुषही. मराठी क्रियापद मात्र 'आला की आली' हे विचारल्याशिवाय पुढे सरकत नाही.

'सुईण' म्हटल्यावर आणखी एक गोष्ट निसटते, ती म्हणजे तिचं बोलणं. साआगुन या पाद्र्याने 1547मध्ये नाहुआंची 'वेवेत्लातोल्ली' जमवली, म्हणजे वाडवडलांची घडीव, पाठ असलेली भाषणं. त्यांत तिसित्लची भाषणं पानंच्या पानं आहेत: गरोदर बाईला, नवजात बाळाला, न्हाऊ घालताना जलदेवता चाल्चिउत्लिक्वेला उद्देशून. मूल बाहेर आलं की ती चक्क रणगर्जना करायची. आपल्याकडे बाईची 'सुटका' होते. तिथे ती लढून कैदी धरून आणते, आणि तो कैदी म्हणजे बाळ. बाळंतीण दगावली तर म्हाताऱ्या आणि सुइणी हातात ढाली घेऊन, आरोळ्या ठोकत तिचं प्रेत न्यायच्या, कारण वाटेत तरुण योद्धे झडप घालत. तिच्या डाव्या हाताचं मधलं बोट आणि केस ढालीत ठेवले की शत्रू आंधळा होतो, अशी समजूत होती.

हे सगळं लिहून घेणारे पुरुष होते, पाद्री आणि त्याचे विद्यार्थी. तेव्हा शब्द न् शब्द बायकांचा असेलच असं धरून चालू नये. पण या प्रसंगी बोलण्याचा मान तिसित्लचा, एवढं त्यातून स्पष्ट दिसतं.

माझं मत विचाराल तर मूळ शब्दच ठेवावा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'औषधपाणी, शकुन आणि बाळंतपण पाहणारी जाणती व्यक्ती' असा खुलासा द्यावा. 'वैदू' सुचवणारे भेटतील, पण ते आपल्याकडे एका समाजाचं नाव आहे, ते इथे नको. 'वैदीण' त्यातल्या त्यात बरा, फक्त पुरुष तिसित्ल आला की तोही अडतो.